'भेदिक' म्हणावं की 'कूट'?

रंकाळाकाठ: राजारामपुरीत आम्ही मित्रमंडळी जुनी रॉक गाणी ऐकायला बसणार आहोत. प्रत्येक गाण्यावर मराठीत चार ओळींचं टिपण माझ्याकडं आलंय. ईगल्स या अमेरिकन बँडच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'त (१९७६) सुरुवातीलाच 'कोलितास'चा वास येतो. स्पॅनिशमध्ये अर्थ 'छोट्या शेपट्या', मेक्सिकोकडं गांजाच्या शेंड्यालाही म्हणतात. मी 'तुरे' लिहिलं. टिपणाला मथळा दिला 'भेदिक रॉक'. भेदिक म्हणजे शाहिरीतली कोड्याची, सवाल-जबाबाची गाणी. आजोबा तरुणपणी शाहिरांच्या तुरा पक्षाच्या फडात झील धरायचे, म्हणजे मागून सूर ओढायचे. ते म्हणाले, भेदिक शब्द असा कुठंही लावायचा नसतो. खरंच चुकलं का?

गुळव्या: तुरे काढ पहिलं. आमच्याकडं तुरा म्हटलं की ऊस. तुरा आला की वाढ थांबली, कांडं पोकळ पडायला लागलं. त्याला वास कसला? 'फुलोरा' लिही.

ओवी: आजोबांचं बरोबर आहे. शाहिरांचे दोन पक्ष: कलगीवाले शक्ती थोर म्हणतात, तुरेवाले शिव. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं पुराणाच्या आधारानं भेद फोडायचा. सवाल टाकणाऱ्याकडं जबाब असतोच. रॉकमध्ये तसं कुठं? शाळेत मुलांना बीटल्सच्या गाण्यांचा अर्थ लावायला बसवतात हे एका विद्यार्थ्याच्या पत्रातून कळल्यावर बीटल्समधल्या जॉन लेननने 'आय ॲम द वॉलरस' (१९६७) मुद्दाम अर्थ लागू नये असं लिहिलं. त्याचा भेद कोण फोडणार? साधं 'गूढ' म्हणावं.

रंकाळाकाठ: पण ओवीताई, 'हॉटेल कॅलिफोर्निया'त पोलादी सुऱ्या येतात. त्या खुपसूनही जनावर मरत नाही. मी किती दिवस त्यात सैतान शोधत होतो! निघालं काय, तर स्टीली डॅन नावाचा बँड. त्यांनी त्याच वर्षी एका गाण्यात, शेजारी ऐकतायत, ईगल्सचा आवाज वाढव, असं म्हटलं होतं. त्याला ईगल्सनी नावातला 'स्टीली' उचलून उत्तर दिलं. एका फडानं टाकलं, दुसऱ्यानं झेललं. हा सवाल-जबाब नाही तर काय? आजोबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले.

मोडीवाचक: 'कूट' असताना एवढा घोळ कशाला? महाभारतात ८,८०० कूट श्लोक मानतात, अर्थ लावायला गणपतीला थांबावं लागायचं. मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडून सूर्य गिळते, तेही कूटच. आणि शब्द किती नेमका! दाणे कुटल्याशिवाय तेल सुटत नाही, तसा कुटल्याशिवाय अर्थ सुटत नाही.

ओवी: नाही हो. दाण्याचा कूट कुटण्यावरून आला. श्लोकातला कूट म्हणजे संस्कृतातलं कपट, कोडं. उच्चार एक, शब्द दोन.

गुळव्या: दाण्या*चा* कूट? आमच्यात दाण्या*चं* कूट.

ओवी: आमच्या घरी तीन पिढ्या 'तो कूट'.

रंकाळाकाठ: तुरे काढून फुलोरा केलाय. मथळ्याचं तेवढं सांगा, उद्या छपाईला द्यायचंय. मला अजून 'भेदिक'च ठेवावंसं वाटतंय.

मोडीवाचक: 'ते कूट' हेच बरोबर. पीठ, मीठ, तसं कूट.

ओवी: मग भात, गूळ, तसा कूट का नाही?

गुळव्या: आत्ता स्वयंपाकघरात विचारून आलो. आई म्हणते 'ते'. बायको निपाणीची, ती म्हणते 'तो'.