वाटण्या करून जर्मन राजकुळांनी स्वतःचेच नुकसान केले का?

चर्चाप्रस्ताव
जर्मन राज्ये ज्यात मोडत, त्या पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट चौथा कार्ल याच्या १३५६ सालच्या ‘सुवर्ण फर्माना’ने सम्राट निवडणाऱ्या सात इलेक्टरांचे प्रदेश अविभाज्य ठरवले आणि त्यांपैकी जे धर्मगुरू नव्हते, त्यांच्या गादीचा वारस थोरला मुलगाच असेल असा दंडक घातला. हा धडा डोळ्यांसमोर असूनही बव्हेरियाच्या विटेल्सबाख ड्यूकांनी १३९२ मध्ये लान्ड्सहूट, इंगोलश्टाट आणि म्युनिक असे वाटे केले. पुढे इंगोलश्टाटच्या दाढीवाल्या लुडविगला १४४३ मध्ये पोटच्या मुलानेच कैद केले आणि तो कैदेतच मेला. १५०३ मध्ये लान्ड्सहूटचा श्रीमंत गेओर्ग पुत्राविना वारला. त्याने राज्य मुलीच्या आणि जावयाच्या नावे केले होते, म्हणून म्युनिकच्या भाऊबंदांशी युद्ध पेटून मुलूख बेचिराख झाला. अखेर १५०६ मध्ये थोरल्याच्याच वारसाचा कायदा आला. दीडशे वर्षांपूर्वी सुचलेली गोष्ट इतक्या उशिरा पत्करणे याला मी आत्मघातच म्हणेन.

प्रतिसाद १
आपण आजच्या ‘राज्य’ या कल्पनेने त्या काळाकडे पाहत आहात. त्या राजांच्या लेखी मुलूख ही घराण्याची मिळकत होती आणि तीत प्रत्येक मुलाचा हक्क होता. ज्याला वाटा द्यायचा नसे, त्याला बहुधा चर्चच्या सेवेत धाडले जाई. सॅक्सनीच्या वेटिन घराण्यातही १४८५ मध्ये थोरल्या अर्न्स्टने वाटे पाडले आणि धाकट्या आल्ब्रेख्टने आपला निवडला, म्हणजे रीत आपल्याकडच्या वाटणीसारखीच होती. लाइप्त्सिग आणि तेथील विद्यापीठ धाकट्या पातीकडे गेले, म्हणून थोरल्या पातीच्या शहाण्या फ्रीडरिशने १५०२ मध्ये विटेनबर्गला नवे विद्यापीठ काढले आणि पुढे तेथेच धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर शिकवू लागला. इंगोलश्टाटचे विद्यापीठ (१४७२) लान्ड्सहूटच्या ड्यूकने, तर ट्यूबिंगेनचे (१४७७) विभागलेल्या व्यूर्टेंबर्गच्या ऊराख शाखेच्या एबरहार्डने स्थापिले. एकाच मोठ्या दरबाराने तीस वर्षांत तीन विद्यापीठे काढली असती, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद २
एबरहार्डचे उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. १४४२ मध्ये झालेली वाटणी त्यानेच १४८२ च्या म्युन्झिंगेन करारान्वये मोडून काढली, राज्य अविभाज्य केले आणि १४९५ मध्ये वोर्म्स येथे ड्यूकपद मिळवले. त्याला वाटणी हितावह वाटत असती, तर त्याने एवढा खटाटोप का केला असता? (त्याचे गुणगान करताना हेही विसरू नये की, आपल्या मुलखात यहुद्यांना थारा देऊ नये असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.)

प्रतिसाद ३
दोन्ही बाजू केवळ राजांविषयी बोलत आहेत. पैसे कोण देत होते, हे कोणीच विचारीत नाही. वाटणी असो वा युद्ध, कर्ज फेडायला नवा कर लागे आणि तो मंजूर करण्यासाठी धर्मगुरू, सरदार आणि नगरे यांच्या प्रतिनिधींची सभा बोलवावी लागे. म्युन्झिंगेनच्या करारातही तिचा सहभाग होता. एबरहार्डनंतर गादीवर आलेल्या त्याच्याच नावाच्या चुलतभावाला १४९८ मध्ये या प्रतिनिधींनी पदच्युत केले, आणि सम्राट माक्सिमिलियानने त्याला मान्यता दिली. राज्य एकसंध राहिले ते राजाच्या दूरदृष्टीपेक्षा या मंडळींच्या हितसंबंधांमुळे, असे माझे मत आहे.

धागाकर्त्याचे उत्तर
प्रतिसाद ३ मधील मुद्दा मला मान्य आहे. करदात्यांचा विचार मी केला नव्हता. विद्यापीठांचा मात्र नाही. वाटणीमुळे सॅक्सनीत जी दोन घराणी उभी राहिली, त्यांपैकी धाकट्या पातीच्या मोरिट्सने श्माल्काल्डेन युद्धात (सम्राट विरुद्ध प्रोटेस्टंट राजांचा संघ) सम्राटाची बाजू घेऊन १५४७ मध्ये थोरल्या पातीच्या योहान फ्रीडरिशचे इलेक्टरपद मिळवले. प्रतिसाद १ मध्ये वाटणीचे फळ म्हणून ज्याचा उल्लेख आहे, ते विटेनबर्गही तेव्हाच त्याच्याकडे गेले.