कॉलेज फुटबॉलच्या रिक्रूटिंग विभागातील नोकरी मुलीने स्वीकारावी का?

पारिजातक:

नमस्कार. गेली एकोणीस वर्षे आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. माझ्या मुलीने संख्याशास्त्रात एम.एस. केले आहे आणि शिकत असताना दोन वर्षे ती विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या रिक्रूटिंग विभागात, म्हणजे संघासाठी खेळाडू निवडून आणणाऱ्या विभागात, विद्यार्थी-सहायक म्हणून काम करत होती. आता दुसऱ्या एका विद्यापीठाच्या संघाने तिला खेळाडूंची पारख करणाऱ्या विभागात पूर्णवेळ जागा देऊ केली आहे. हा विभाग तिथे नुकताच वाढवला असून त्याच्या प्रमुखपदी जनरल मॅनेजर नेमला आहे. पगार वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या आत आहे, मुदत एकाच वर्षाची आहे आणि कामाच्या तासांचा पत्रात उल्लेख नाही. दुसरीकडे एका विमा कंपनीने तिला याच्या दुपटीहून अधिक पगाराची नोकरी देऊ केली आहे. तिचा ओढा अर्थातच फुटबॉलकडे आहे.

शनिवारी सामने पाहण्यापलीकडे माझा या खेळाशी संबंध नाही. म्हणून जाणकारांना विचारतो. ज्या कामासाठी पूर्वी मुख्य प्रशिक्षक आणि त्यांचे सहायक पुरेसे होते, त्यासाठी आता एवढी माणसे का लागतात? ही वाढ टिकणारी आहे की पैसा आटला की सर्वांत आधी याच जागा जातील? आणि प्रशिक्षक, जनरल मॅनेजर व क्रीडा संचालक यांच्यात अखेर निर्णय कोणाचा असतो? नाशिकहून तिच्या आजोबांचा दर आठवड्याला फोन येतो आणि ही नोकरी नेमकी कशाची, हे मला त्यांना नीट सांगता येत नाही.

कोलंबसकर:

पारिजातक, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नियमांच्या इतिहासात आहे, म्हणून थोडे मागे जातो.

एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने, मैदानावर शिकवणाऱ्या सहायक प्रशिक्षकांची संख्या बरीच वर्षे नऊवर मर्यादित ठेवली होती आणि २०१८ मध्ये ती दहा केली. कार्यालयात बसून सामन्यांच्या चित्रफिती पाहणाऱ्यांवर मात्र अशी मर्यादा नव्हती. २००७ मध्ये निक सेबन अलाबामा विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी हीच मोकळी जागा ओळखली. ‘अ‍ॅनालिस्ट’ या नावाखाली त्यांनी अनुभवी माणसांची फळी उभी केली, जिला मैदानावर शिकवण्याची परवानगी नव्हती, पण प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास आणि खेळाडूंची पारख करता येत होती. आज टेक्सास विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक असलेले स्टीव्ह सार्किसियन २०१६ मध्ये तिथे अ‍ॅनालिस्ट म्हणूनच रुजू झाले होते. इंडियाना विद्यापीठाला नुकतेच राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे कर्ट सिग्नेटी हे सेबन यांच्या पहिल्या चार वर्षांत अलाबामाचे रिक्रूटिंग समन्वयक होते. तुमच्या मुलीला मिळालेली जागा या परंपरेतली आहे, हे आजोबांना अवश्य सांगा.

पुढे तीन गोष्टी एकामागोमाग घडल्या आणि काम कितीतरी पटींनी वाढले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले. २०२१ मध्ये विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉलपटूला पहिल्या वेळी एक वर्ष बाहेर बसण्याची अट गेली आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि छबी वापरू देण्याचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. तिसरी गोष्ट म्हणजे खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातील तडजोड, जिला न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजुरी दिली. तिच्यामुळे विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आणि ८५ शिष्यवृत्त्यांच्या जुन्या मर्यादेऐवजी १०५ खेळाडूंच्या रोस्टरची, म्हणजे संघातील एकूण खेळाडूंची, मर्यादा आली.

पूर्वी शाळेतला सतरा वर्षांचा मुलगा एकदा निवडला की चार-पाच वर्षांची चिंता मिटत असे. आता दर हिवाळ्यात निम्मा संघ नव्याने बांधावा लागू शकतो. २०२६ मध्ये पोर्टल फक्त २ ते १६ जानेवारी या काळात उघडे होते. खेळाडूने अर्ज दिला की त्याच्या विद्यापीठाला कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचे नाव पोर्टलमध्ये घालावे लागते आणि त्यानंतर इतर संघ त्याच्याशी बोलू शकतात. चांगला खेळाडू अशा वेळी काही दिवसांतच हातचा जातो, म्हणून त्याचे नाव येईपर्यंत थांबून मग चित्रफिती पाहायला बसणारा संघ मागे पडतो. सबंध हंगामभर इतर संघांतल्या शेकडो खेळाडूंच्या नोंदी तयार ठेवाव्या लागतात आणि प्रशिक्षक तर त्या काळात पुढच्या शनिवारच्या तयारीत बुडालेले असतात. त्या नोंदी ठेवणारी माणसे म्हणजेच हा विभाग, त्यामुळे पोर्टल आहे तोवर या कामाची गरज राहील असे मला मनापासून वाटते.

जून २०२४ मध्ये आणखी एक बदल झाला. मैदानावर शिकवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या संख्येवरील बंधन एनसीएएने काढून टाकले, पण विद्यापीठाबाहेर जाऊन खेळाडूंना भेटण्याचा अधिकार मुख्य प्रशिक्षक आणि दहा सहायक यांच्यापुरताच ठेवला. तुमच्या मुलीचे काम त्यामुळे मुख्यतः कार्यालयातले आणि आवारातले असेल.

जमाखर्च:

मी एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात हिशेबाचे काम पाहतो. विद्यापीठाचे नाव सांगणार नाही. कोलंबसकरांनी कामाचे कारण सांगितले, मी पैशाचे सांगतो, कारण टिकण्याचा प्रश्न तिथे अडतो.

हाउस तडजोडीनुसार २०२५-२६ या वर्षात एखादे विद्यापीठ आपल्या सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर थेट देऊ शकते. मोठ्या संघांकडे त्यातला बहुतांश वाटा फुटबॉलला जातो. ही मर्यादा खेळाडूंना दिल्या जाणाऱ्या पैशांवर आहे आणि कर्मचाऱ्यांच्या पगारांवर कोणतीही मर्यादा नाही. सगळ्यांच्या हातात खेळाडूंसाठी साधारण सारखीच रक्कम असेल, तर ती अधिक शहाणपणाने खर्च करणारा पुढे जाईल असे प्रत्येक क्रीडा संचालकाला वाटते आणि म्हणून तो पारख करणाऱ्या माणसांवर पैसे लावतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने डिसेंबर २०२४ मध्ये बिल बेलिचिक यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून आणले तेव्हा जनरल मॅनेजर मायकेल लोम्बार्डी यांना वर्षाला १५ लाख डॉलर दिले. त्यांनी सत्तरच्या आसपास नवे खेळाडू जमवले आणि २०२५ चा पहिला हंगाम चार विजय व आठ पराभवांवर संपला. माणसे वाढवल्याने आपोआप पारख सुधारत नाही, हे आमच्याकडच्या बैठकांमध्येही मी सांगत आलो आहे.

मला याहून जास्त टोचते ती वाटपाची विषमता. वरच्या एका पदाला सहा-सात आकडी पगार दिला जातो आणि ज्यांच्या नोंदींवर तो अधिकारी निर्णय घेतो त्या पोरांना चाळीस हजारांच्या आत राबवले जाते. आमच्याकडे गेल्या अंदाजपत्रकात फुटबॉलच्या कार्यालयात नऊ पदे वाढली आणि त्याच कागदावर महिलांच्या एका संघाचा विमानप्रवास रद्द करून त्यांना अकरा तासांचा बसप्रवास लिहिला गेला. ती ओळ मीच टंकलेली आहे आणि ती मला विसरता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने तर मार्च २०२५ मध्ये पोहणे आणि डायव्हिंगचे संघ बंदच केले आणि कारणांमध्ये याच तडजोडीचा आर्थिक भार सांगितला. तुमच्या मुलीने नोकरी घेऊ नये असे मी म्हणत नाही, पण विद्यापीठाची एकूण क्रीडा तूट किती आहे ते तिने पाहावे. सार्वजनिक विद्यापीठ असेल तर ते आकडे मागता येतात.

सातपुडा:

पारिजातक काका, मी या विभागात तीन वर्षे काम केले आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो. माझ्या मते तुमच्या मुलीचा निर्णय त्यावरच ठरायला हवा.

आधी काम कसे असते ते सांगतो. आमच्या खोलीत एका भिंतीवर मैदानातल्या जागांनुसार रकाने केलेला मोठा फळा होता आणि प्रत्येक खेळाडूच्या नावाची चुंबकी पट्टी असे. तिच्यावर उंची, वजन, हाताची लांबी, गुण आणि एक रंगीत ठिपका. मी आक्रमक फळीच्या खेळाडूंचे पाय बघायचो. एकेका खेळाडूचे शंभर-शंभर डाव फक्त पावले कशी पडतात यासाठी पाहायचे आणि रात्री अकरा वाजता दोन परिच्छेदांचा अहवाल द्यायचा. शनिवार-रविवारी खेळाडूंच्या भेटी असत. एकदा एका मुलाबरोबर त्याची आजी येणार होती आणि तिला पायऱ्या चढवत नव्हत्या, हे मला आदल्या रात्री त्याच्या आईशी बोलताना समजले. मी सकाळी सहाला जाऊन लिफ्टची किल्ली मिळवली, जेवणाचे टेबल खालच्या मजल्यावर हलवले आणि दिवसभर आजीबरोबर राहिलो. तो मुलगा आमच्याकडे आला. माझा अहवाल त्याला उपयोगी पडला की ती लिफ्ट, हे मी सांगू शकणार नाही, पण दोन्ही याच नोकरीचा भाग होते.

पुढे मुख्य प्रशिक्षकांना काढले गेले. रविवारी दुपारी बातमी आली आणि मंगळवारी आमच्यापैकी अकरा जणांची ओळखपत्रे दाराला लागेनाशी झाली. आमच्या कामाविषयी कोणाची तक्रार नव्हती, पण आम्ही सगळे त्या प्रशिक्षकांची माणसे समजले जात होतो. फळ्यावरच्या तीन वर्षांच्या नोंदी नव्या लोकांनी उघडून तरी पाहिल्या का, मला माहीत नाही.

म्हणून तिने पहिल्यांदा हे विचारावे की जनरल मॅनेजर कोणाला उत्तर देतो. अलाबामाचे कोर्टनी मॉर्गन हे मुख्य प्रशिक्षक कॅलन डिबोअर यांच्याबरोबर वॉशिंग्टन विद्यापीठातून आले. तिथे विभाग आणि प्रशिक्षक यांचे नशीब बांधलेले आहे. ओहायो स्टेटचे मार्क पँटोनी हेही मुख्य प्रशिक्षक अर्बन मायर यांच्याबरोबरच आले होते, पण २०१९ मध्ये मायर जाऊन रायन डे आले तरी पँटोनी राहिले आणि त्यांची पद्धतही राहिली. सर्वांत वेगळा प्रयोग स्टॅनफर्डचा आहे. तिथे नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांचेच जुने क्वार्टरबॅक (आक्रमणाचे नेतृत्व करणारे खेळाडू) अँड्र्यू लक यांना जनरल मॅनेजर केले, ते थेट विद्यापीठाच्या अध्यक्षांना उत्तर देतात आणि मार्च २०२५ मध्ये मुख्य प्रशिक्षक ट्रॉय टेलर यांना हटवण्याचा निर्णयही लक यांनीच घेतला. अशा रचनेत प्रशिक्षक गेला तरी कार्यालय रिकामे होत नाही.

क्रीडा संचालकाचे पदही पूर्वीइतके पक्के उरलेले नाही. एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मुख्य प्रशिक्षक ब्रायन केली यांना काढले आणि त्याच आठवड्यात क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड यांनाही पद सोडावे लागले. पेन स्टेटने त्याच महिन्यात मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळकरी खेळाडूंनी विद्यापीठांशी करार करण्याचा दिवस उजाडला तेव्हा नवा मुख्य प्रशिक्षक जाहीरही झाला नव्हता. फ्रँकलिन व्हर्जिनिया टेकला गेले आणि पेन स्टेटला शब्द दिलेले काही खेळाडू त्यांच्या मागे तिकडे गेले. अशा वेळी विभाग विद्यापीठाचा असेल तर किमान फोन उचलणारे ओळखीचे माणूस तरी उरते.

पारिजातक:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मुलीसमोर हे सगळे वाचले. तिने आज सकाळी जनरल मॅनेजरांना सरळ विचारले आणि त्यांनीही सरळ उत्तर दिले. ते क्रीडा संचालकांना उत्तर देतात, मुख्य प्रशिक्षकांना नाही, आणि त्यांचा स्वतःचा करार प्रशिक्षकांच्या करारापेक्षा एक वर्षाने लांब आहे. विभागातल्या पाचपैकी तीन माणसे मागच्या प्रशिक्षकांच्या काळापासून आहेत. जमाखर्च, तूट तिने पाहिली. लहान नाही, पण तिच्या आधीच्या विद्यापीठापेक्षा कमी आहे.

ती नोकरी घेते आहे. विमा कंपनीला तिने आजच नम्रपणे नकार कळवला. सातपुडा, तुम्ही लिहिलेला आजींचा प्रसंग तिने दोनदा वाचला. नियुक्तिपत्रावर सही करण्याआधी आणखी काय पाहावे, तेवढे सांगाल का?

सातपुडा:

काका, तिचे अभिनंदन. दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. मुख्य प्रशिक्षक किंवा जनरल मॅनेजर बदलल्यामुळे तिला काढले, तर किमान तीन महिन्यांचा पगार आणि आरोग्य विमा सुरू राहील असे कलम मागावे. माझ्या पत्रात ते नव्हते आणि मी मागितलेही नव्हते. दुसरे म्हणजे तिने तयार केलेल्या विश्लेषणपद्धतीचे श्रेय अहवालावर तिच्या नावाने राहील असे पाहावे, कारण पुढची नोकरी त्या कागदांवर मिळते. पगार पहिल्या वर्षी वाढवून देणार नाहीत, पण राहण्याच्या भत्त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

आणि नाशिकला आजोबांना भेटायला जायचे असेल तर तिकिटे मे महिन्याची काढा. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तिला सुट्टी मिळणार नाही.