लडाखच्या झांस्कर नदीवर राफ्टिंग आणि कॅम्पिंग, फॅमिलीसोबत. अर्जंट सल्ला हवाय

पन्हाळकर_११: मंडळी, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय, पुण्यातनं दिल्ली आणि तिथनं लेह, विमानाची तिकिटं काढून झालीत. आता टूरवाला म्हणतोय लेहला उतरल्यावर दोन दिवस नुसतं रूमवर पडून राहा. आमच्याकडं एकूण आठच दिवस, त्यातले दोन असे गेले तर नदीवर मुक्काम करायचा कधी? खरंच गरज आहे का रूमचं भाडं वाढवायला सांगतोय? उद्या ॲडव्हान्स द्यायचाय, जाऊन आलेल्यांनी लवकर सांगा.

रंकाळा_वारा: कोण कोण जाताय? पदुमपासनं करताय का चिलिंग ते निम्मू एका दिवसाचं? हे कळल्याशिवाय काय सांगणार भावा.

पन्हाळकर_११: फॅमिली लिहिलंय की. मी, बायको, पोरगा, आई. पदुमपासनं, अख्ख्या घळीतनं, रात्री नदीकाठी तंबूत.

रंकाळा_वारा: पोरगा केवढा? आईंचं वय? बीपी, शुगर काय आहे का?

पन्हाळकर_११: पोरगा नऊ वर्षांचा, पंचगंगेत पोहायला शिकलाय, घाटावरनं सूर मारतोय. आई ६४, बीपीची गोळी चालू आहे पण रोज पहाटे टेंबलाईची टेकडी चढते.

भटका_बुलेटवाला: काय होत नाही ओ. आम्ही मनालीवरनं बुलेटवर गेलो, एक दिवस पण विश्रांती घेतली नाही. बुलेटनंच जावा खरं तर, रोहतांगला बोगदा झालाय.

औषधवाली_ताई: बुलेटवाले, तुम्ही चढत चढत गेलात, हे विमानानं दीड तासात दिल्लीवरनं थेट ३,५०० मीटरवर उतरणार. त्यात फरक आहे. टेकडी चढायची सवय असली तरी विरळ हवेची सवय आपोआप होत नाही, तरण्याबांड माणसालाही डोकेदुखी, उलट्या होतात. पहिले दोन दिवस विश्रांती घ्याच. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, कुणाच्या सांगण्यावरनं घेऊ नका, आईंची बीपीची गोळी आणि सल्फाची ॲलर्जी डॉक्टरांना सांगून मगच.

भटका_बुलेटवाला: घाबरवू नका लोकांना. आमच्यात एकालाच वाटेत सरचूला त्रास झाला.

औषधवाली_ताई: मग झाला की त्रास.

कोलाड_प्रेमी: एवढ्या लांब कशाला, आपल्या कोलाडला कुंडलिका नदीवर जावा. सकाळी भिऱ्याच्या वीजघराचं पाणी सोडतात तेव्हाच राफ्टिंग असतं, कोल्हापुरातनं एका रात्रीत पोचाल.

पन्हाळकर_११: तिकिटं काढलीत हो.

सह्याद्री_आजी: भडंग न्या भरपूर. तिखट असलं की तोंडाला चव राहते. गॅसचा डबा विमानात नेऊ देत नाहीत.

चिलिंगवरून_परत: आम्ही चिलिंग ते निम्मू केलंय, मुलगी अकरा वर्षांची. पाणी बर्फाचं, पहिली लाट अंगावर आली आणि तिचे ओठ निळे पडले, बोटं वल्ह्याला धरवेनात. वेटसूट (थंड पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख) तिच्या मापाचा नव्हता, त्याच्या गळ्यातनं पाणी आत जात होतं. पंचगंगेतलं पोहणं तिथं उपयोगी पडत नाही. पदुमपासनं गेलात तर वरच्या घळीत दोन्हीकडं सरळ कडे, मधनं सोडून येता येत नाही. आणि रात्री तंबू पाण्यापासनं उंचावर लावा, दुपारी हिमनद्या वितळून आलेलं पाणी अंधार पडल्यावर वाढतं, मी काठावर ठेवलेला दगड जेवून येईपर्यंत बुडाला होता. टूरवाल्यानं वयाची अट सांगितली का?

पन्हाळकर_११: नाही. आत्ता फोन करून विचारलं, नऊ वर्षांच्याला पदुमच्या ट्रिपला घेत नाहीत म्हणे. आधी सांगायला काय झालं होतं!

मोबाईल_दादा: आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही. पोस्टपेड घ्या.

पन्हाळकर_११: बरं. आईशी बोललो. ती म्हणाली मी लेहला थांबते, सूनबाई असेल सोबत. तुम्ही बापलेक जावा. पहिले दोन दिवस आम्ही चौघं विश्रांती घेतो, मग पोरगा आणि मी एका दिवसाचं करतो, तेही त्याला घेत असतील तर. आता एवढंच सांगा, लहान मापाचा वेटसूट तिथं मिळतो का कोल्हापुरातनंच शिवून घेऊ?

चिलिंगवरून_परत: शिवू नका, जाड रबरासारखं कापड असतं, आपल्या टेलरकडनं होणार नाही. छाती-उंची मोजून टूरवाल्याला आजच कळवा, आणि काठावर घालून बघितल्याशिवाय बोटीत बसवू नका.

सह्याद्री_आजी: आईंना लोकरीचे मोजे द्या.