पहिला एक्स-रे स्वच्छ असला तरी

‘दाखल करताना छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, म्हणजे फुप्फुसांची काळजी नको’ असं सिकलसेलची कळ उठून दाखल झालेल्या रुग्णाबद्दल या चर्चेत लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. सिकलसेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकण्याचा आनुवंशिक आजार. त्यातला ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे फुप्फुसांवर अचानक येणारं गंभीर संकट, बहुतेकदा हाडांची कळ सुरू झाल्यावर 24 ते 72 तासांनी उभा राहतो. बरगड्या दुखतात म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे प्राणवायू घटतो आणि त्यामुळेच आणखी पेशी विळ्यासारख्या होऊन अडकतात. दुखणं दाबायला दिलेलं मॉर्फिन जास्त झालं तरी श्वास मंदावून हेच होतं, पण भीतीने दुखणं अर्धवट दाबणंही तितकंच वाईट. सलाइनचंही तसंच, गरजेपेक्षा जास्त गेलं की फुप्फुसात पाणी साचतं.

चर्चेत कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे तीन चेंडूंचं स्पायरोमीटर, श्वासाने चेंडू वर उचलायचं फुप्फुसांच्या व्यायामाचं साधन. जागेपणी दर दोन तासांनी 10 खोल श्वास, बसून. फुंकायचं नाही, आत ओढायचं. चूक नेमकी इथेच होते. पाठ किंवा छाती दुखत असेल तर पहिल्या दिवसापासूनच हे सुरू करावं. घरी असताना ताप, खोकला, छातीत कळ किंवा ऑक्सिमीटरवर नेहमीपेक्षा 3 टक्क्यांची घट दिसली, तर गोव्यातल्या सत्तरी-सांग्यासारख्या दूरच्या तालुक्यांतल्या माणसाने सकाळची वाट पाहू नये. 108 बोलवावी आणि ‘सिकलसेल आहे’ हे आधी सांगावं. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) रक्त बदलायची वेळ आली तर जुळणारं रक्त शोधायलाही वेळ लागतो.