मदत हवी आहे: रोडगे वरून करपतात, आतून कच्चे

रविवारी वावरात घरची अन् शेजारची मिळून 25 माणसं जेवायला आहेत. रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर अन् राखेत भाजायचे कणकेचे जाड गोळे), वांग्याची भाजी, वरण, बस. प्रमाण असं: 5 किलो जाडी भरडी कणीक, किलोमागं 1 वाटी तेलाचं मोहन, मीठ, ओवा, घट्ट भिजवण. 150 ग्रॅमचे 50 रोडगे होतात. आत तेल लावलेल्या 3 लहान पोळ्यांची चळत, वरून पारी बंद.

अडचण भाजण्याची आहे. गोवऱ्यांचा जाळ पुरता बसायच्या आधी रोडगे ठेवले की पारी काळी पडते अन् मधली पोळी चिकट राहते. उशीर केला तर निखारे राखेखाली निवतात, पापुद्रे सुटतच नाहीत. गोवऱ्या ओलसर असल्या तर धुराचा वासही धरतो.

जाणकारांनी सांगावं: 50 रोडग्यांना गोवऱ्या किती? आधी निखाऱ्यावर पालटून मग गरम राखेत पुरायचे, तर राखेत किती वेळ? वारा असला तर खड्डा करावा का? अन् पोळ्या 3 च्या 2 केल्या तर पापुद्रे कमी होतील, ते मात्र नको. रोडगा तुपात कुस्करताना पापुद्रे सुटले पाहिजेत, लेकरं त्याचीच वाट पाहतात.