चांद्रयान उतरलं, तरी चांद गच्चीवरूनच?

खाडीकाठ
काल एक पोस्ट फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आली. "देशाने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरवलं आणि ही मंडळी ईद ठरवायला अजून गच्चीवर जाऊन विचारतात, चंद्र आहे का हो?" खाली हसऱ्या तोंडांची रांग.

अहो, चंद्र कुठे आहे ते आमच्या अजान देणाऱ्या मुअज्जिनलाही मोबाइलवर दिसतं. अमावस्या किती वाजता संपते ते मिनिटापर्यंत ठाऊक असतं. प्रश्न असतो दिसला का, हा. चंद्र दिवसाला साधारण बारा अंश सूर्यापासून दूर सरकतो. अंतर सात अंशांच्या आत असेल तर कोर दिसतच नाही. त्याच्या पुढे काही अंशांपर्यंत सगळं हवेवर, धुळीवर, क्षितिजाजवळच्या ढगावर. हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सरळ आहे: चांद पाहून रोजे धरा, पाहून सोडा, आभाळ असेल तर महिन्याचे तीस दिवस पुरे करा. न दिसण्याची सोय नियमातच आहे. यात विज्ञान नाकारलं कुठे?

रोखठोक_राजा
त्रास सुट्टीचा आहे. कॅलेंडरवर एक तारीख, ऐनवेळी दुसरी. २०२३ ला ईद-ए-मिलादची सुट्टी २८ सप्टेंबरची २९ केली. गावच्या गाडीचं तिकीट वाया गेलं माझं. भरपाई कोण देणार, चांद?

खाडीकाठ
राजे, त्या वेळी चांद केव्हाच दिसून गेला होता! २८ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाला रस्ते मोकळे मिळावेत म्हणून मुस्लिम समाजाने जुलूस एक दिवस पुढे नेला आणि सुट्टी त्याच्या मागोमाग गेली. तुमच्या तिकिटाचं वाईट वाटलं, पण उदाहरण चुकलं.

रात्रपाळी
मी स्वतः रोजे धरते, म्हणून मला कुणी शिकवू नये. इस्पितळात ड्युटीचा तक्ता आठवडाभर आधी लागतो. "ईद बहुधा सोमवारी, नाहीतर मंगळवारी" हे इनचार्जला सांगताना दरवर्षी माझंच तोंड वाकडं होतं. तुर्कस्तान गणितावर चालतं. अमेरिकेतल्या फिक्ह कौन्सिलने, म्हणजे तिथल्या इस्लामी धर्मनियमांच्या मंडळाने, २००६ मध्ये गणित स्वीकारलं. त्यांचे रोजे काय कबूल होत नाहीत? आणि गच्चीवर चढायची हौस पुरुषांची. खाली स्वयंपाकघरात शिरखुर्म्याचं दूध आज सांगायचं की उद्या, हे डोकं कुणी चालवायचं?

खाडीकाठ
ताई, दुधाचं मान्य. बाकी नाही. पाकिस्तानात २०१९ ला विज्ञान खात्याच्या मंत्र्यांनी पाच वर्षांचं कॅलेंडर काढलं. झाली का एक ईद? त्याच वर्षी तिथल्या खैबर पख्तुनख्वा प्रांताने ४ जूनला केली, बाकीच्यांनी ५ जूनला. भांडण गणिताचं नसतंच, ऐकायचं कुणाचं याचं असतं.

रात्रपाळी
म्हणजे कॅलेंडरचं न ऐकणाऱ्यांमुळे कॅलेंडर वाईट ठरलं. छान.

भेंडीबाजार_कॉर्नर
आम्हा बोहऱ्यांचं मिस्री कॅलेंडर इजिप्तच्या फातिमी खलिफांच्या काळापासून ठरलेलं आहे. तीस वर्षांचं चक्र, त्यात अकरा वर्षं एकेका जादा दिवसाची, रमजान कायम तीसचा. पुढच्या ईदच्या रजेचा अर्ज आजच देऊन ठेवतो. तुमचं चालू द्या.

गावठी_गणिती
हेच म्हणतोय! संकष्टीला आभाळ भरलेलं असलं तरी आम्ही छापील चंद्रोदय बघून उपास सोडतो. आमच्या पंचांगात सगळं आधी ठरलेलं. आभाळाकडे बघत बसावं लागत नाही.

खाडीकाठ
संकष्टीचा चंद्र चांगला मोठा असतो, कितीला उगवणार ते कुणीही छापेल. इथे कोर सूर्यास्तानंतर जेमतेम काही वेळ, तीही संधिप्रकाशात. उगवणं-मावळणं गणिताचं, दिसणं नजरेचं.

देवरुखकर
गणिती, "आमचं पंचांग" म्हणजे कोणतं? दाते की टिळक? अधिक महिन्याच्या वर्षी आमच्या घरचे गणपती कधीकधी महिनाभर आधी येतात. शेजारी विचारतात, यंदा घाई झाली का?

गावठी_गणिती
टिळक पंचांगवाले मोजून चार घरं. अपवाद घेऊन वाद घालू नका.

देवरुखकर
चार घरं? कोकणात येऊन मोजा! तिथी तुमची आमची एकच, अयनांशात, म्हणजे राशी कुठून मोजायच्या त्यात, चारेक अंशांचा फरक. त्यामुळे संक्रांती, म्हणजे सूर्याचे राशिप्रवेश, सरकतात, त्यामुळे अधिक महिना सरकतो. आमची मकरसंक्रांत १० जानेवारीला. दोन्हीकडे शुद्ध गणित, आणि महिना वेगळा! माझ्या लग्नात सासरचं पंचांग दाते निघालं. मुहूर्तावरून दोन काका अजून बोलत नाहीत.

गावठी_गणिती
चित्रा नक्षत्रावरून राशी मोजायची आमची गणना सरकारनेही मान्य केली आहे. हट्टाला औषध नाही.

देवरुखकर
हट्ट? टिळकांना हट्टी म्हणताय?

गावठी_गणिती
तुम्हाला म्हणतोय.

रोखठोक_राजा
वा! मग गणपतीची सुट्टी पण दोनदा द्या.

रात्रपाळी
टिळक-दाते बाहेर जाऊन मिटवा. खाडीकाठ, मूळ मुद्द्याचं उत्तर राहिलं. माझा भाऊ दुबईत. तो नमाज पढून शिरखुर्मा खातो तेव्हा इथे माझा रोजा असतो. केरळमध्येही बऱ्याचदा ईद आदल्या दिवशी. एकाच चंद्राच्या किती ईदी?

खाडीकाठ
जितके मुलूख. मक्केत सूर्य मुंबईनंतर दोन-सव्वादोन तासांनी मावळतो, तेवढ्यात चंद्र आणखी एक अंश सरकतो. कधी तेवढ्यानेच तिकडे दिसतो, इकडे नाही. शामची, म्हणजे सीरियाकडची, चांद दिसल्याची बातमी मदिनेत आली तेव्हा पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनीही ती धरली नाही, आम्ही आमच्या चांदावर चालू म्हणाले. २०१६ ला ऐन पावसाळ्यात आमच्या खाडीवर ढगांशिवाय काही नव्हतं. केरळने ६ जुलैला ईद केली, आम्ही ७ ला. एक रोजा जास्त झाला. कुणी मेलं नाही.

रात्रपाळी
त्या जास्तीच्या दिवशी तुम्ही बारा तास उभं राहून सलाइन लावत नव्हता.

खाडीकाठ
नव्हतो. बरं, गणिताला एक जागा देतो: चंद्र सूर्याआधीच मावळला असेल त्या संध्याकाळी कुणी "पाहिला" म्हणाला तर ती गवाही घेऊ नये. आणि कमिट्यांनी निर्णय इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजच्या, आत द्यावा. त्यानंतरची रमजानची खास नमाज, तरावीह, अर्धी झाल्यावर "उद्या ईद" कळतं आणि तेव्हा दूधवाला फोन उचलत नाही.

रात्रपाळी
दुधापर्यंत आलात. पुढच्या वर्षी ड्युटीच्या तक्त्यापर्यंत याल.

देवरुखकर
गणिती, अयनांशाचा स्वतंत्र धागा काढलाय. पळू नका.