घरासाठी मॅनेज्ड स्विच कोणता घेऊ? (बजेट ४ हजार, नागपूर)

मनीषनगरवाला: नमस्कार मंडळी. दोन मजली घर आहे. खाली आई-बाबा, वर मी, मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू. नेट सगळ्यांना एकच. परवा भाडेकरूंच्या मुलाच्या लॅपटॉपवर माझा प्रिंटर आणि ऑफिसच्या बॅकअपचं फोल्डर दिसलं, तेव्हापासून चैन नाही. माझं काम, चार कॅमेरे आणि भाडेकरू वेगवेगळ्या व्हीएलएएनमध्ये (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं) टाकायचेत. म्हणून सेटिंग करता येणारा नेटवर्क स्विच हवा: ८ पोर्ट, गिगाबिट, बिनपंख्याचा. ४ हजार, ताणून साडेचार. वरच्या लाकडी कपाटात ठेवीन.

वर्धारोड_७: २४ पोर्टचा पीओई (नेटच्या वायरीतूनच वीज देणारा) घ्या. मी तोच घेतला, तीन वर्षं झाली, एकदाही बंद पडला नाही. आज ८ पोर्ट घ्याल आणि वर्षभरात पुन्हा दुकानात जाल.

महालचा_वाडा: भाऊ, कायले एवढा खर्च करून राहिले? साधा स्विच घ्या. माह्या घरी जूनच्या पहिल्या पावसात वीज पडली अन् गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या वायरीतून आत आली. स्विच गेला, राउटर गेला, टीव्हीचा लॅनपोर्टबी गेला. महागाचा असता तर रडलो असतो. आधी अर्थिंग पाहा.

केबल_प्रतापनगर: अर्थिंगचं बरोबर आहे, पण साध्या स्विचमध्ये व्हीएलएएन कुठून येणार? त्याआधी वायर बघा. स्वस्त बंडलात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडा, आतून पांढरी दिसली तर ती पीओईला वापरू नका. एका गिऱ्हाइकाकडे अंधार पडला, कॅमेऱ्याचे रात्रीचे आयआर दिवे लागले की गेटचा कॅमेरा रीस्टार्ट व्हायचा. दोन स्विच बदलून झाले, शेवटी दोष वायरीचा निघाला. कॅट ६ दर्जाचीच वायर टाका.

संत्रा_नेट: गिगाबिटला कॅट ५ई पुरते, १०० मीटरपर्यंत. उगाच भिंती फोडायला लावू नका.

केबल_प्रतापनगर: पुरते, पण आज टाकायचीच आहे तर ६ टाकावी. फरक किती पडतो?

धरमपेठ_रात्रपाळी: मूळ प्रश्न राहूनच गेला. भाडेकरू तुमच्याच राउटरच्या वायफायवर असतील तर कुठलाही स्विच घ्या, प्रिंटर दिसतच राहील, कारण ते स्विचमधून जातच नाहीत. त्यांच्या खोलीत वायर न्या आणि जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा) करून लावा. दुसरं, ८०२.१क्यू (व्हीएलएएनचं स्टँडर्ड) पूर्ण वापरायचं तर राउटरलाही व्हीएलएएन कळावं लागतं. नेटवाल्यांनी दिलेल्या डब्यात ते बहुधा नसतं. तसं असेल तर टीपी-लिंकच्या टीएल-एसजी१०८ई मध्ये एमटीयू व्हीएलएएन आहे. प्रत्येक पोर्ट फक्त राउटरच्या पोर्टशी बोलतो, एकमेकांशी नाही.
आणि पीव्हीआयडी (पोर्ट कुठल्या व्हीएलएएनचा, तो नंबर) बदलायला विसरू नका. ज्या पोर्टवर बसून सेटिंग करताय तो शेवटी हलवा. मी तो आधी हलवला आणि रात्री दीड वाजता टाचणी शोधत बसलो, रीसेट करायला.

वर्धारोड_७: पण पीओई हवाच. कॅमेऱ्यांना वेगळे अडॅप्टर किती दिवस लावणार?

संत्रा_नेट: पीओईच घ्या. ८०२.३एएफ या पीओईच्या स्टँडर्डमध्ये पोर्टला १५.४ वॉट मिळतात, साध्या कॅमेऱ्याला भरपूर.

त्रिमूर्तीनगर_कूलर: लाकडी कपाट नको! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि बऱ्याच घरगुती स्विचना ४० अंशांपर्यंतचीच मर्यादा असते. माझा बंद कपाटात होता, दुपारी दोननंतर नेट तुटायचं. हात लावला तर तव्यासारखा. खालच्या खोलीत, कूलरच्या फवाऱ्यापासून लांब ठेवा.

मनीषनगरवाला: सगळ्यांचे आभार. भाडेकरू वायफायवरच आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मनीषनगरवाला (आठ दिवसांनी): घेतला. बर्डीच्या बाजारातून टीएल-एसजी१०८ई, बिनपीओईचा. रागावू नका. कॅमेऱ्यांचे अडॅप्टर खालच्या इन्व्हर्टरवर आहेत आणि लाइट गेली की बाबा आधी तेच बघतात, ती घडी मला मोडायची नाही. भाडेकरूंच्या खोलीत वायर नेली, जुना राउटर लावला आणि वायफायचा पासवर्ड बदलला. काल मुलाला पुन्हा बघायला लावलं, प्रिंटर दिसला नाही. स्विच कपाटातच आहे, दार मात्र काढलं.

त्रिमूर्तीनगर_कूलर: दार काढून भागणार नाही. एप्रिलमध्ये खाली आणा.

महालचा_वाडा: अर्थिंग पाहिली का?